दाखला

दुसऱ्यांना सुधारण्यासाठी मी आयुष्यभर जी जी साधनं वापरली त्यांत बायबलही होतं, हे आमच्या बोर्ली पंचतनमध्ये फारसं कुणाला माहीत नाही. गावाच्या लेखी मी मराठीचा निवृत्त शिक्षक, वीस-बावीस गुंठे वाडीचा मालक आणि गणपतीत आरतीचं कडवं हमखास चुकवणारा माणूस. 'नवा करार' माझ्या कपाटात दासबोधाशेजारी कसा आला ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या सगळ्याचा ठपका त्या पुस्तकावर येणार नाही.

'स्मृतिचित्रे'तला एक उतारा वर्गात शिकवायचा होता. उतारा शिकवायचा तर अख्खं पुस्तक वाचायला हवं, अशी माझी समजूत होती. नोकरीच्या सुरुवातीला असतात अशा समजुती. लक्ष्मीबाई वाचल्या म्हणजे टिळक आलेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन, आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने ज्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि ज्यांनी पुढे १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते. एवढ्या विद्वान माणसाला त्या पुस्तकात काय सापडलं असेल, या कुतूहलापोटी मीही मुंबईला गेलो असताना फुटपाथवरून एक प्रत उचलली. घरी आईने विचारलं, "हे आणि कशाला?" मी विनोबांचं नाव पुढे केलं. विनोबा आमच्याच जिल्ह्याचे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांनी 'ख्रिस्तधर्मसार' काढलं, मग आपण नुसतं वाचायला काय हरकत? आई म्हणाली, विनोबांनी त्याआधी बाकीचंही बरंच केलं होतं.

आईचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. मला तोवर पेरणाऱ्याचा दाखला सापडला होता.

गोष्ट चार ओळींची. एक माणूस बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, तिथे ते लगेच उगवतं आणि माती कमी म्हणून उन्हात करपतं. काही काटेरी झुडपांत पडून गुदमरतं. उरलेलं चांगल्या जमिनीत पडतं आणि तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतं. येशूने ही गोष्ट सांगितली ती मचव्यात बसून, आणि लोक ऐकत होते ते किनाऱ्यावर उभे राहून. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला यात परकं काय वाटणार? ऐकणारे ज्यू होते, आणि ज्यूही आम्हाला परके नाहीत. बेने इस्राएल मंडळी या किनारपट्टीवर कैक पिढ्या तेलाचे घाणे चालवत होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

दाखल्याचा अर्थ ग्रंथातच दिलेला आहे. शिष्यांनी एकांतात विचारलं तेव्हा येशूने उलगडून सांगितलं की बी म्हणजे वचन, आणि चार जमिनी म्हणजे ते ऐकणाऱ्यांचे चार प्रकार. तेव्हा अर्थ लावण्यात माझी काही कर्तबगारी नव्हती. मी फक्त एक भर घातली. त्या चार जमिनी कुणाकुणाच्या, ते मी ठरवू लागलो.

शिक्षकाला हे काम फार सोपं जातं. पट समोरच असतो. आठवीच्या वर्गाकडे नुसतं पाहून मला कळायचं की पहिल्या बाकावरची दोन-तीन चांगली जमीन, उत्साहाने हात वर करून दिवाळीपर्यंत थंडावणारे ते खडकाळ, बाजारात ज्यांची दुकानं आहेत ते काटेरी, कारण ग्रंथात काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाची भूल. आणि वाट म्हणजे दिघीकडच्या वस्तीतून चालत येणारा एक मुलगा. त्याला काहीही सांगा, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. खिडकीजवळ बसायचा आणि बाहेर बघायचा. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मी तपासलं होतं.

एकदा परिपाठात मी हा दाखला सांगितला. ख्रिस्ताचं नाव न घेता सांगितला. 'एका थोर पुरुषाने म्हटलं आहे' असं म्हटलं की मुख्याध्यापकही मान डोलावतात. सांगून झाल्यावर विचारलं, कुणाला काही शंका? शंका नसते, पण विचारायची पद्धत आहे. तर त्या मुलाने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"सर, पण त्याने वाटेवर बी टाकलंच कशाला?"

मुलं हसली. माझ्यावर नाही, त्या पेरणाऱ्यावर. आमच्याकडे राब भाजून, ढेकळं फोडून, मृगाच्या तोंडाला आभाळाकडे बघत बी टाकतात. बियाणाचं भात म्हणजे घरात उपास पडला तरी हात न लावायची गोष्ट. ते वाटेवर फोकणाऱ्याला इथे कुणी शेतकरी म्हणणार नाही. त्या मुलाचा बाप दुसऱ्याची खाचरं अर्धेलीने करायचा. प्रश्न घरातून आला होता, अगदी रास्त होता, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

मी म्हणालो, "वाटेवरची जमीन असंच विचारते. म्हणूनच तर पाखरं सगळं खाऊन जातात."

या वेळी मुलं जास्त हसली, आणि त्याच्यावर हसली. विनोद जमला होता, हे मला त्या क्षणीही कळलं आणि बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. त्या दिवसापासून त्याचं नाव 'वाट' पडलं. 'वाट आली', 'वाट लागली' हे आलंच. मास्तरांनी ठेवलेलं नाव म्हटल्यावर त्याला एक प्रकारची मान्यता असते. मी ते दोनदा-तीनदा कानांनी ऐकलं आणि ऐकलं नाहीसं केलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. काही महिन्यांनी बाप दाखला न्यायला आला. शाळा सोडल्याचे दाखले लिहायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. कारणाच्या रकान्यात 'पालकांची विनंती' लिहिलं, ते सगळ्यांच्याच दाखल्यावर लिहितात. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं, तेवढं खरं होतं. बापाने अंगठा उठवला आणि शाई पुसायला काही आहे का म्हणून विचारलं. मी खडूचं फडकं दिलं.

यानंतर मी सुधारलो असं मला वाटत होतं, आणि माझ्या हातून झालेल्या गोष्टींत ही सगळ्यांत लांबलेली.

झालं असं की त्या मुलाची टोचणी राहिली. लोकांना जमिनी वाटण्याचा उद्योग मी बंद केला. दाखला दुसऱ्यांसाठी नाहीच, तो आपल्या आतल्या शेताचा नकाशा आहे, असं मी ठरवलं. वाट, खडक, काटे आणि सुपीक माती ही सगळी माझ्याच मनात आहेत आणि अध्यात्म म्हणजे वाटेची माती करत जाणं. ऐकायला छान आहे. वाचनालयातल्या एका व्याख्यानात मी हे बोललो तेव्हा दोघांनी लिहून घेतलं.

मग मी वही घातली. उभ्या चार रकान्यांची. रोज रात्री जेवणानंतर बसायचं आणि दिवसभरात कुठे कठीण झालो, कुठे उथळ, कुठे काळजीत गुंतलो, ते ज्या त्या रकान्यात मांडायचं आणि खाली पीक लिहायचं, तीस, साठ किंवा शंभर. इथेही मी सोय पाहिली. मत्तयने हे आकडे उतरत्या क्रमाने दिले आहेत, शंभर, साठ, तीस. मार्कने चढत्या. मी मार्क घेतला, कारण चढता क्रम प्रगतीसारखा दिसतो. लूक तर थेट शंभरपटच म्हणतो आणि थांबतो. लूककडे मी फारसा गेलो नाही.

बायकोने वहीला 'खतावणी' नाव दिलं. "अहो, आज किती?" "साठ." "मग साठमध्ये दळण आणून होईल." मी तिच्या बोलण्याची नोंद 'काटे' या रकान्यात करत असे.

एका रात्री मी मोठ्या समाधानाने शंभर लिहिले. दिवसभर कुणावर चिडलो नव्हतो, चहा थंड मिळाला तरी बोललो नव्हतो. पानाखाली रेघ ओढायला पट्टी लागली म्हणून आत गेलो, तर ती दिवा न लावता कॉटवर पडलेली. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. सकाळपासून होता. चहा थंड का होता, तेही तेव्हा कळलं. दवाखान्यात नेताना रिक्षात ती म्हणाली, "शंभर खोडू नका. रागावला नाहीत, हे खरंच आहे." पुढे मलेरिया निघाला, आठवड्यात बरी झाली. वही मात्र मी बंद केली नाही. एवढ्याने बंद पडेल तर ती साधना कसली, असं मला वाटलं.

याच काळात माझा एक सहकारी मित्र झाला, कोर्लईचा. उत्तरपत्रिका तपासायला आम्ही एकत्र असायचो. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावरचं हे गाव. पोर्तुगीज १७४० साली निघून गेले, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून घराघरांत बोलतात. घरची शेती, भाजीपाला. मी त्याला मोठ्या उत्साहाने वही दाखवली. त्याला कौतुक वाटेल अशी अपेक्षा होती. त्याने पानं उलटली, परत दिली आणि म्हणाला, "आमच्याकडे हा दाखला तीन वर्षांनी एकदा येतो. मधल्या काळात आम्ही शेती करतो."

तो विनोद करत नव्हता. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात लावलेली असतात. मत्तयचा पेरणारा एका वर्षी जुलैच्या मध्यावर येतो आणि पुन्हा तीन वर्षं येत नाही. जुलैचा मध्य म्हणजे कोकणात लावणी. चिखलात उभं राहून पाठ मोडलेली माणसं रविवारी बाकावर बसून बी पेरणाऱ्याची गोष्ट ऐकतात, ही कल्पना मला तेव्हा गमतीची वाटली. तिचा माझ्या वहीशी काही संबंध असेल असं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर वाचन वाढलं. संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीतला शब्दन् शब्द उलगडला होता. लुटला गेलेला माणूस म्हणजे आदम, धर्मशाळा म्हणजे चर्च, तिचा चालक म्हणजे पौल. हजार-दीड हजार वर्षं लोक दाखले असेच वाचत आले. मग १८८८ मध्ये आडोल्फ युलिखर नावाच्या जर्मन पंडिताने सांगितलं की पुरे, दाखला म्हणजे कोडं नव्हे, त्यात प्रत्येक वस्तूमागे दुसरी वस्तू शोधू नका, एकच मुद्दा असतो. पुढच्यांनी युलिखरलाही पुरतं सोडलं नाही, पण ते असो. मी ऑगस्टीनच्या पंथातला, हे मला वाचताना आवडलं. मोठ्या माणसाच्या चुकीत वाटा मिळाला की बरं वाटतं. फरक एवढाच की ऑगस्टीनने त्या गोष्टीत सगळ्यांना, म्हणजे स्वतःलाही, रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जागी धरलं होतं. मी कधी तपासनीस, कधी हिशेबनीस.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. टाळेबंदी होतीच, त्यात हे. दुपारभर वाडीतून तोफा उडाव्यात असे आवाज येत होते. संध्याकाळी दार उघडलं तर घरातून समुद्राच्या दिशेचं आभाळ दिसलं, जे मी जन्मात त्या दारातून पाहिलं नव्हतं. पोफळी बहुतेक मधून मोडलेल्या. माड काही मुळासकट आडवे, काही उभे, पण शेंडे पिळवटलेले, झावळ्या सगळ्या एका अंगाला. वीज कित्येक आठवडे नव्हती. भरपाई आधी हेक्टरी जाहीर झाली. गुंठ्यांत वाडी असलेल्यांनी त्याचं काय करायचं? मग ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. बाणवलीचा माड धरायलाच सहा-सात वर्षं घेतो.

करवत यंत्रं घेऊन माणसं बाहेरून आली होती आणि त्यांना पुढच्या वाडीत जायची घाई होती. पडलेलं कापून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, उभे आहेत त्यांचं काय? आमच्या वाडीचं शिंपणं-खत वडिलांच्या वेळेपासून बघणारे काका तिथेच होते. ते एकेका माडाच्या बुंध्याला हात लावून वर बघत होते. म्हणाले, "कोंब जिता हाय सर. एक पावसाला जाऊ दे. आली करून खत घालू, मंग बघा."

मी कापायला सांगितलं. यंत्र पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त आवडलेलं होतं. जुनं गेलं ते गेलं, आता सगळं मुळापासून नवं. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी वहीत तसं लिहिलंही, 'सुपीक' या रकान्यात. काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि ओंडके रचायला लागले.

शेजारच्या वाडीत काकांचं ऐकलं गेलं. दुसरा पावसाळा संपता संपता त्या माडांना नव्या सरळ झावळ्या होत्या आणि त्यातल्या काहींनी पोय टाकली होती. आम्ही त्या गणपतीत मोदकांसाठी बाजारातून नारळ आणले. दुकानदाराने ओळखून दोन रुपये कमी केले, ते जास्त लागलं.

कोर्लईच्या मित्राचा फोन मधूनमधून येत असे. २०२० च्या जुलैत रेंज आली तेव्हा त्याने सांगितलं होतं की १२ तारखेला पेरणारा होता, चर्च बंद म्हणून मोबाइलवर ऐकला, तुमची आठवण झाली. मग २०२२ च्या मार्चमध्ये, उपवासकाळाच्या एका रविवारी, म्हणाला, "आज अंजिराचं झाड होतं." ती गोष्ट मला पाठ होती. लूकमधलीच. मळ्याचा मालक तीन वर्षं येतो, झाडाला फळ नाही. म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा अडवली आहे. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवताली खणून खत घालतो. पुढे काय झालं ते लूक सांगत नाही.

फोन ठेवल्यावर मी वही काढली. ही गोष्ट त्यात होती, वादळाच्या बरीच आधी सुंदर अक्षरात उतरवलेली. वर मथळा दिला होता, 'छाटणी'. खाली टीप: निरुपयोगी सवयी निर्दयपणे तोडणे. म्हणजे अख्ख्या गोष्टीतलं मालकाचं वाक्य तेवढं मी घेतलं होतं. आणि माळ्याचं वाक्य वाडीत उभं राहून कुणीतरी मला म्हणून दाखवलं तेव्हा ते ओळखू आलं नाही. माझ्या डोक्यातला माळी मराठी बायबलातल्या शुद्ध भाषेत बोलायचा. काका आगरीत बोलत होते.

काकांना मी हे सांगायला गेलो. ते नव्या रोपांना आळी करत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, शेणाची पाटी जरा इकडं सरकवा.

गेल्या वर्षी मित्राकडे निघालो होतो. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, मग मुरूड, काशीद असं करत कोर्लई. वाटेत आणखी एक बोर्ली लागते, तिच्यामुळे आमची पत्रं पूर्वी हमखास चुकायची. दिघीच्या धक्क्यावर शिट्टी तोंडात धरून गाड्या बोटीवर चढवणारा माणूस माझ्याकडे बघून थांबला. "सर ना?" केस पांढरे झालेले. डोळ्यांवरून ओळखलं.

एवढी वर्षं मनात जे घोळवलं होतं ते मी तिथेच, टेम्पोच्या धुरात, बोलून टाकलं. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली, मी तसं बोलायला नको होतं. तो गोंधळला. म्हणाला, "छे हो सर. बाबांचा हात मोडला होता. मी मुंबईला गोदीत गेलो काकाकडे. शाळा तशीही सुटणारच होती." माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं पाप त्याने असं सहज काढून घेतलं. ज्या टोचणीवर मी वह्यांमागून वह्या भरल्या तिचं मूळ एका मोडलेल्या हातात होतं, आणि ते मी त्याच्या बापाला, अंगठा घेताना, विचारलं नव्हतं. डावा की उजवा, तेही आठवत नाही.

"पण 'वाट' म्हणायचे ते आहे लक्षात," तो म्हणाला. "गोदीतही आपल्याकडचा एक होता, त्याने तिथेही चालू केलं." जरा थांबून म्हणाला, "सर, ते बी त्याने वाटेवर का टाकलं, ते राहिलंच."

मी सांगितलं. योआखिम येरेमियास नावाच्या एका अभ्यासकाचं म्हणणं असं की त्या मुलखात आधी बी फोकायचे आणि नांगर नंतर घालायचे. कापणीनंतर मोकळ्या रानातून लोक ये-जा करत, त्याची पायवाट पडे. पेरणारा तिच्यावरही बी टाकी, कारण नंतर तीही नांगराखाली येणार असे. सगळ्यांना हे मान्य नाही, हेही सांगितलं.

त्याने विचार केला. "म्हणजे वाट ही कायमची वाट नव्हती."

"नव्हती."

"मग हे तेव्हाच सांगायचं ना सर."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग तसं सांगायचं," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवत मागच्या टेम्पोला रिव्हर्स घ्यायला लावायला गेला.